वस्तीच्या पत्र्यावरून गेलेली केबल

मी एक जुनी केबलची वायर आहे. रंगाने काळी, करंगळीएवढी जाड आणि स्वभावाने तापट. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंच्या तोंडून गोड गोड ऐकायची तुम्हाला सवय असते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी मार खाल्ला, माझ्या हातून माणसांना मार बसला आणि एकदा तर माझ्या अंगातून मरण धावत गेलं. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्मच मुळी ओढाताणीत झाला. कारखान्यात तांब्याची तार एवढ्याशा भोकातून खेचली, तिच्यावर पांढरा फोम चढवला, त्यावर जाळी आवळली आणि वरून काळं प्लॅस्टिक उकळतं ओतलं. आई गं! किंचाळायला तोंड असतं तर सगळा कारखाना गोळा केला असता. मग मला गुंडाळलं, टेम्पोत आदळलं आणि नगरला आणून सोडलं.

सावेडीत गोरखशेठ नावाचा केबलवाला होता. त्याच्या गच्चीवर दोन मोठ्या जाळीदार छत्र्या होत्या. तिथून निघून मला पलीकडच्या नव्या बंगल्यांपर्यंत जायचं होतं, आणि मध्ये होती नाल्याकाठची पत्र्याच्या घरांची वस्ती. लायनमन प्रशांत त्याच वस्तीत राहायचा. मूळचा खर्ड्याचा, अंगाने काटकुळा, पण खांबावर चढला की माकडाने मान खाली घालावी. त्याने मला विजेच्या खांबांवरून आणि वस्तीच्या पत्र्यांवरून नीट ताणून नेलं. जाता जाता घराघरांत जोड दिले. तेव्हा दर सगळ्यांना एकच होता. बंगल्यात जे चित्र दिसे, तेच पत्र्याखाली दिसे.

ते दिवस मला अजून गोड लागतात. भज्यांची गाडी लावणाऱ्या छबूमावशी मॅच बघता बघता भजी करपवायच्या आणि गिऱ्हाइकावरच खेकसायच्या. "बॉल बघू का कढई बघू रं मुडद्या?" प्रशांतच्या घराशेजारी पीरमहंमद आणि खातून हे शिंपी नवरा-बायको राहायचे. तो कापड बेतायचा, ती शिवायची. खातूनभाभीला टीव्ही करमणुकीसाठी नको होता, कामासाठी हवा होता. आठची मालिका लागली की ती हातात खडू घेऊन बसायची. मालिकेतल्या सुनेच्या ब्लाउजची बाही, गळ्याचा काठ, पाठीवरची नाडी, सगळं ती पाटीवर काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी बंगल्यांतल्या बायका दारात हजर! "खातून, काल तिने घातला होता ना, अगदी तस्सा हवा हं." आणि ती तस्सा शिवायची. तिच्या हाताची सर गावातल्या मोठ्या दुकानांना नव्हती. हे सगळं माझ्या अंगातून येत होतं, म्हणून मी ऊन खात खांबावर फुशारत होते.

पण गोरखशेठचं पोट वाढलं. त्याने तीन लाइनी काढल्या. साधी, मधली आणि फुल. वस्तीसाठी एक बारीक वायर वेगळी टाकली, तिच्या तोंडाला फिल्टरची डबी बसवली. चॅनेल मोजके, आणि दिवेलागणीला सात वाजले की खटका बंद. बंगल्यांना फुल लाइन. ती फुल लाइन म्हणजे मी. वस्तीतले माझे सगळे जोड प्रशांतकडूनच तोडून घेतले. पक्कड चालवताना त्याने मान वर केली नाही. त्या दिवसापासून मी वस्तीच्या पत्र्यांवर नुसती पडून असायचे. पत्रा त्यांचा, चित्र दुसऱ्याचं!

पीरमहंमद विचारायला गेला तर गोरखशेठ म्हणाला, "पेट्रोल पंपावर काय सगळ्यांची टाकी फुल करून देतात का? ज्याची ऐपत त्यानं बघावं." फुलचा दर वस्तीला झेपणारा नव्हता. आणि मालिका होती आठला, वस्तीची लाइन मरायची सातला. दोन आठवड्यांत खातूनभाभीच्या दारातल्या चपला कमी झाल्या. बंगल्यातल्या बायका तोंडावर गोड बोलून गावातल्या बुटीककडे वळू लागल्या. लग्नसराई तोंडावर आली होती. वर्षाची कमाई त्या चार महिन्यांतच व्हायची.

मग एका संध्याकाळी मला टचकन टोचलं. खातूनभाभी स्टुलावर उभी राहून पत्र्याच्या कडेला माझ्या अंगात शिवणाची सुई खुपसत होती! एक सुई आतल्या तांब्यापर्यंत, दुसरी जाळीपर्यंत, दोन्हींना बारीक तारा आणि तारा थेट टीव्हीला. दुखलं खूप, खोटं कशाला बोलू? पण चित्र लागलं आणि तिने "या अल्ला!" म्हणत खडू उचलला, तेव्हा मला ते दुखणंसुद्धा आपलं वाटलं. आठवड्याभरात छबूमावशींनी टोचली, मग शेजारणीने, मग सगळ्या वस्तीने. रोज आठला सुया आत, मालिका संपली की सुया बाहेर. प्रशांत सकाळी फेरीला यायचा, माझ्या अंगावरची भोकं बघायचा आणि गुपचूप काळी चिकटपट्टी गुंडाळायचा. शेठला म्हणायचा, "उंदरं कुरतडत्यात."

अहो, पण इतक्या सुया टोचल्यावर माझ्यात जीव किती उरणार? बंगल्यांतल्या टीव्हीवर मुंग्या येऊ लागल्या. तक्रारी गेल्या. गोरखशेठच्या अंगाचा तिळपापड झाला.

ऐन संध्याकाळी जीप आली. चौघे उतरले, हातात हॉकी स्टिक. विचारणं नाही, पुसणं नाही. पहिला तडाखा पीरमहंमदच्या डोक्यावर. तो बेतायच्या टेबलावर पडला आणि पांढऱ्या कापडावर रक्त पसरत गेलं. खातूनभाभीने कात्री उगारली, तर एकाने तिचं मनगट पिरगाळून तिला भिंतीवर फेकलं. छबूमावशींचा टीव्ही उचलून नाल्यात भिरकावला. मावशी गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तिखटाचा डबा घेतला आणि पुढच्या गड्याच्या डोळ्यांत मूठभर फेकलं. "ये, आता बघ फुल लाइन! लई हौस हाय ना तुला!" तो गडी गुरासारखा ओरडत लोळला. मग त्याच्या सोबत्याने मावशींच्या गुडघ्यावर हॉकी हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी वरून ऐकला.

आणि बंगले? सगळ्या खिडक्या आतून लावलेल्या. आतले दिवे चालू होते, माणसं होती, पण एक कडी निघाली नाही.

मित्रांनो, मला वाटलं की झालं, आता सुई बंद. बाकीच्यांनी सुया ठेवूनही दिल्या, पण खातूनभाभीच्या हाती एक शेवटचं मोठं काम होतं. एका बंगल्यातल्या मुलीचं लग्न होतं. मालिकेतही त्याच आठवड्यात लग्न होतं. मुलगी हटून बसली होती की मालिकेतल्या नवरीने घातला तसाच ब्लाउज हवा. तो जमला तर मुलीकडच्या सगळ्या बायकांचे कपडे खातूनकडे. नाहीतर सगळं बुटीककडे, कायमचं. नवऱ्याच्या डोक्याला टाके पडलेले, चूल तिच्या एकटीच्या बोटांवर आलेली.

"भाभी, आज सुई नका लावू," प्रशांत हात जोडून म्हणाला. "शेठचं डोकं फिरलंय."

"आज एकच दिवस, प्रशांतभाऊ. आज ती नवरी बघितली की पुन्हा नाही लावणार. माझी रोटी आहे त्यात."

प्रशांत तडक गोरखशेठकडे गेला, आजच्या दिवस तरी वस्तीची लाइन सातनंतर चालू ठेवा म्हणून पाया पडायला. शेठ वस्तीच्या अलीकडच्या खांबाशी शिडी लावून उभा होता. स्वतः! जन्मात कधी खांबाला हात न लावलेला माणूस. त्याने विजेच्या खांबावरून एक तार खाली घेतली होती आणि माझं टोक सोलून ठेवलं होतं.

"आठला टोचत्यात ना? टोचू दे," तो हसत म्हणाला. "आज हिच्यात करंट सोडतो. सुई धरल त्याला कळंल."

"शेठ, माणूस मरंल!"

"चोर मरंल."

"अहो, बंगल्यांचे टीव्ही बी ह्याच वायरीवर हायेत. सगळं जळंल!"

"तू मला शिकवतो व्हय रं?" म्हणून गोरखशेठने हातातला पाना त्याच्या तोंडावर हाणला. प्रशांतचे दोन दात रस्त्यावर पडले. शेठच्या माणसांनी त्याला लाथांनी तुडवलं. आणि शेठने ती तार माझ्या तांब्याला लावली.

कसं सांगू तुम्हाला! चित्रं वाहणारं अंग माझं, गाणी वाहणारं. त्यात एकदम आग शिरली. मला थांबता येईना, मागे वळता येईना. वायरीला पाय नसतात हो! पुढच्या पत्र्याखाली स्टुलावर खातूनभाभी उभी आहे, सुई चिमटीत धरली आहे, हे मला ठाऊक होतं. नको गं बाई, नको, म्हणून मी मनातल्या मनात आक्रोश करत होते. तिने सुई टोचली.

ती ओरडलीच नाही. ओरडायला सवडच मिळाली नाही. तिचा हात सुईला चिकटला, अंग ताठ झालं, डोळे पांढरे झाले. मांस जळल्याचा वास सुटला. मी तिला जाळत होते, मित्रांनो. ज्या बाईचा खडू माझ्या जोरावर चालायचा, तिला मीच जाळत होते.

तेवढ्यात मधल्या खांबावर कोणीतरी चढताना जाणवलं. प्रशांत! तोंडातून रक्ताची धार, एक डोळा बंद, कमरेला पक्कड. मारणाऱ्यांच्या हातून निसटून तो पुढच्या खांबावर आला होता. तोड! तोड मला मेल्या, बघतोस काय! त्याने माझ्या मानेवर पक्कड लावली आणि जीव खाऊन दाबली. निळा जाळ उडाला. पक्कडीच्या तोंडाचा तुकडा पडला. प्रशांत वरून खाली गटारात आदळला आणि तिकडे खातूनभाभी स्टुलावरून कोसळली.

आता गंमत ऐका. तोवर बंगल्यांतले टीव्ही एकामागोमाग फुटले होते. काचा उडाल्या, पडदे पेटले. आणि वस्तीत डोकी फुटताना ज्यांच्या कड्या निघाल्या नव्हत्या, त्यांची दारं आता धाडधाड उघडली. काठ्या आल्या, बॅटी आल्या. गोरखशेठ जीपमध्ये चढत होता, त्याला गचांडी धरून खाली ओढला. कोणीतरी करंट तुटलेलं माझं लोंबतं टोक हिसकलं आणि त्याला झोडायला सुरुवात केली. होय, माझ्यानेच! त्याच्या पाठीवर मी सपासप उतरत होते. खरं सांगते, पहिले चार फटके मला बरे वाटले. मग त्याची कातडी निघायला लागली आणि मला शिसारी आली.

"हा बघा दुसरा! केबलवाल्याचा माणूस! पक्कड अजून हातात आहे!" कोणीतरी गटाराकडे बोट दाखवलं.

सगळे प्रशांतवर धावले. त्याच्या हातात पक्कड होती, म्हणजे गुन्हेगार तोच. ज्याने मला तोडून त्यांची घरं वाचवली होती, त्याच्यावरच मला उगारलं. एक फटका मानेवर, एक तोंडावर. त्याला धड बोलताही येत नव्हतं. मी ओरडत होते, पण माझा आवाज टीव्हीतूनच यायचा ना, आणि टीव्ही तर सगळे फुटलेले.

तेवढ्यात गर्दीत खातूनभाभी घुसली. उजवा हात काळा पडून लोंबत होता, केस सुटले होते. ती प्रशांतच्या अंगावर पडली. पुढचा फटका तिच्या पाठीवर बसला.

"मारा!" ती किंचाळली. "मला पण मारा! ह्यानं वायर तोडली म्हणून मी जिवंत आहे, अन् तुमची लेकरं पण! माझ्या मरदचं डोकं फुटलं तेव्हा कुठं होतात तुम्ही? आज टीव्ही फुटले म्हणून आलात?"

माझं टोक धरलेला हात खाली आला. कोणी कोणाकडे बघेना. एकेक करून सगळे घरी गेले.

खातूनभाभी वाचली, पण उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट कायमचं बधिर झालं. सुई धरली तरी धरल्याचं तिला कळत नाही. त्या लग्नाचा ब्लाउज बुटीकनेच शिवला. गोरखशेठ महिनाभर दवाखान्यात होता, तिथूनच त्याला पोलिसांनी नेला. माझे तुकडे झाले. एक तुकडा खातूनभाभीच्या पत्र्याला दगड बांधायला उरला, तीच मी. ऊन खाते, पाऊस खाते, कोणी ढुंकून बघत नाही.

पण एक गोष्ट मी या पत्र्यावरूनच पाहिली. पावसाळ्यानंतर नवा केबलवाला आला. नवी कोरी वायर, आणि पुन्हा तीच वाट, वस्तीच्या डोक्यावरून बंगल्यांकडे. शिडीवर प्रशांतच होता, दोन दात नसलेला. पोटासाठी तेच काम त्याला करावं लागत होतं. नवा शेठ खालून म्हणाला, "इथं जोड द्यायचा नाही. नुसती पत्र्याला बांध आणि पुढं चल."

खातूनभाभी बाहेर आली. तिच्यामागे काठी टेकत छबूमावशी, आणि मागोमाग सगळ्या वस्तीतल्या बायका. कोणाच्या हातात काही नव्हतं. त्यांनी नुसती शिडी धरली.

"प्रशांतभाऊ," खातूनभाभी म्हणाली, "पत्रा माझा आहे. पहले इथं जोड, मग पुढं ने."

"ए, चल पुढं!" शेठ ओरडला. "नोकरी नको का तुला?"

प्रशांतने एकदा शेठकडे पाहिलं, एकदा भाभीच्या हाताकडे. मग कमरेची पक्कड काढली, नवी वायर सोलली आणि सर्वांच्या देखत पहिला जोड खातूनभाभीच्या घरात दिला. शेठ बडबडत राहिला. बायकांनी शिडी सोडली नाही. दुसरा जोड मावशींना, तिसरा शेजारणीला. शेवटच्या पत्र्याला जोड मिळाला, तेव्हाच ती वायर बंगल्यांकडे गेली.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तारा ओढाल, नळ टाकाल, रस्ते बांधाल. ज्याच्या डोक्यावरून न्याल, त्याला कोरडं ठेवून पुढे जाऊ नका. आम्हा वायरींना नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.