पत्रातलं ते एक वाक्य

छप्पन्नाव्या वर्षी मी शिंगं मोडून वासरांत शिरले, वाचायला शिकले. शिकवणारी माझी भाची, थोरल्या ताईची मुलगी, शाळेत शिक्षिका आहे. तिला सांभाळायला म्हणूनच नऊ वर्षांची असताना, उशिरा शाळेत घातलं त्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, मला शाळेतून काढून ताईच्या घरी पाठवलं होतं. मी तिचे लंगोट धुतले, तिने माझी अक्षरं गिरवून घेतली. फिटंफाट.

जन्मभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं केली, वाचण्यावाचून काही अडलं नाही. "आता म्हातारपणी कलेक्टर व्हायचंय का?" असं दुकानाचे मालक विचारतात. त्यांना काय सांगू? मला एक वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आई ताईला पत्रं पाठवायची. ताई बाळाला माझ्या मांडीवर ठेवून मोठ्याने वाचायची. शेवटी थांबायची, खाकरायची आणि वाचायची, "धाकटीला सांग, तिची शाळा सुटली, माझं चुकलं." दर पत्रात हेच. मी मनात म्हणायचे, कागदावर काय लिहितेस, समोर येऊन बोल.

एकदा आई आली. चार दिवस राहिली. माझे केस विंचरले, झग्याची उसवलेली शिवण घातली, पण त्या वाक्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मग मीही हट्टाला पेटले, अबोला धरला. निघताना तिने दारातून दोनदा हाक मारली. मी मोरीत कपडे आपटत बसून राहिले. पुढच्याच वर्षी ती वारली.

गेल्या साली ताईही गेली, आणि पत्रांचा खोका माझ्याकडे आला. भाची म्हणाली, "मावशी, मी वाचून दाखवते की." मी म्हटलं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकून झालंय, आता माझी मी वाचेन.

वाचायला लागले आणि एक भलतंच झालं. काहीही वाचलं की डोक्यात आवाज ताईचा. साबणाच्या वेष्टनावरचं "डोळ्यांत जाऊ देऊ नये" हेसुद्धा ताईच वाचायची. आधी हसू आलं. मग भीती वाटायला लागली, कारण मजकूर संपला तरी आवाज थांबायचा नाही. खाकरायचा. पुढे काहीतरी असेल म्हणून मी पान उलटायचे, तर पान कोरं.

छापील वाचायला सहा महिने लागले, आईचं हस्ताक्षर लागायला आणखी चार. परवा सुट्टीच्या दुपारी खोका उघडला. पहिलं पत्र बोट ठेवून वाचलं.

"बाळ आता रांगत असेल. धाकटीला पाठवून दे. बाई रोज विचारतात. तिचं नाव मी पटावरून काढू दिलेलं नाही."

चुकून दुसरंच पत्र हाती आलं असेल, असं वाटलं. पुढचं उघडलं. "धाकटीला कधी पाठवतेस?" त्याच्या पुढचं, "दोन महिने म्हणून नेलीस, वर्ष झालं." ते वाक्य कुठेच नव्हतं. अकराही पत्रं झाली. शेवटचं भेटीनंतरचं होतं. "मी तिला न्यायला आले होते, ती आपणहून म्हणेल म्हणून चार दिवस थांबले, पण ती माझ्याशी बोललीसुद्धा नाही. तिला तिथेच राहायचंय असं तू म्हणतेस, ते खरंच दिसतं. आता मी आग्रह करत नाही."

आई मला न्यायला आली होती. ती दारात उभी राहून हाका मारत होती आणि मी तिच्या न केलेल्या चुकीची माफी ऐकायची वाट बघत होते. मला इतका राग आला की खोका भिरकावून द्यावासा वाटला. आणि तेवढ्यात, ऐन दुपारी, कानाशी कोणीतरी खाकरलं. "माझं चुकलं."

आवाज ताईचा. तो कायम ताईचाच होता. तिने दर पत्रागणिक माझ्या तोंडावर कबुली दिली होती, फक्त आईच्या नावावर. मी त्या नावाचा राग केला आणि आई गमावली. आता भांडायचं तर दोघींपैकी एकही नाही.

भाची चहा घेऊन दारात आली. "सापडलं का गं तुझं वाक्य?"

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर वाढलेली पोर. स्वतःच्या आईच्या आठवणीने अजून रडते.

"सापडलं," मी म्हटलं.

"मग वाच ना मोठ्याने."

मी कागद डोळ्यांसमोर धरला. घसा साफ केला आणि वाचलं, "धाकटीला सांग, तिची शाळा सुटली, माझं चुकलं." मग कागदाची घडी घालून पदराखाली धरली.

भाचीने डोळे पुसले. म्हणाली, "मावशी, अगदी माझ्या आईसारखी खाकरतेस गं."