बिनशिक्क्याचं टेबल

साहेब, धुरपताबाईच्या घराचं आढं तुम्ही चोरलं. जंगलखात्याची जप्ती म्हणा, कारवाई म्हणा. भरदिवसा छप्पर उतरवून लाकूड नेणाऱ्याला आमच्याकडे चोरच म्हणतात.

तुमचं म्हणणं, सागावर सरकारी हातोड्याचा शिक्का नाही, म्हणजे माल चोरीचा. वा! दरेकसाच्या या डोंगरावर ठेकेदार साग पाडत होते तेव्हा तुमचा जन्मही झाला नव्हता. बाईचा सासरा त्यांच्याकडे कुऱ्हाड चालवायचा. सरळ खोड पडलं की त्यावर शिक्का, मग रेड्यांच्या गाडीवर स्टेशनात, तिथून रेल्वेनं कुठच्या कुठं. डोंगराचं डोकं भादरून नेलं. राहिलं ते वाकडं. वाकडं खोड कोणी विकत घेत नसे, म्हणून तोड संपली की ठेकेदार ते मजुरांना देऊन टाकायचा. शिक्का विकायच्या मालाला असतो. फुकट दिलेल्या वाकड्याला कोण मारेल? आमच्या गावची निम्मी घरं अशाच सागावर उभी आहेत. बाईचं आढं धनुष्यासारखं वाकलेलं होतं. ते नाही दिसलं तुम्हाला?

बाईची सून दिव्या बाळंतपणाला देवरीला गेलेली. मुलगी झाली. दिव्याच्या बापानं निरोप धाडला, "वर छप्पर नाही त्या घरात लेकरू पाठवत नाही." म्हणून बाई तुमच्या ऑफिसात आली. सोबत शेजारीण चमेली, बाईचा भाचा लखन आणि मी.

"आढं द्या जी साहेब. नातीले घरी आनाचं हाय."

"शिक्का दाखव, घेऊन जा," तुम्ही म्हणालात.

बाई वाकली. आम्हाला वाटलं पाया पडते. ती सरळ तुमच्या टेबलाखाली शिरली.

"लखन, मोबाईलचा लाईट मार रे. साग हाय ना हा? शिक्का दिसते का कोठी?"

"नाही दिसत, मामी."

"मंग चोरीचा हाय."

"अरे, ये क्या नाटक है!" तुम्ही ओरडलात. "रंधा मारल्यावर शिक्का राहील का?"

"असं हाय का? मंग माह्या आढ्याले रंधा माराचा राहून गेला, एवढीच चूक ना जी?"

तुमचा गार्ड तोंडावर दुपट्टा दाबून बाहेर पळाला. चमेलीनं पदर खोचला.

"मी पंच, लखन पंच. साहेब, पाय वर घ्या जी, जप्ती होऊन राहिली."

तुमच्या फायली आम्ही खुर्चीवर रचल्या, चहाचा ग्लास तुमच्या हातात दिला. थेंब सांडला नाही. मग टेबल उचललं आणि भर रस्त्यानं बाईच्या घरी नेलं. उरलेलं छप्पर झुकलं होतं, त्याखाली टेबल ठेवून वर खांब उभा केला.

चमेली म्हणाली, "पहिल्यांदाच ऑफिस गरिबाले टेकू देऊन राहिलं."

तुम्ही पोलिसात गेला नाहीत. काऊन, ते आम्हाला ठाऊक आहे. टेबलाचा साग कुठून आला, हे आधी तुम्हालाच सांगावं लागलं असतं. काल गार्ड आला. "बाई, टेबल गुपचूप दे ना." बाईनं त्याला पाणी पाजलं आणि सांगितलं, "आढं आना, चढवून द्या, मंग उचला."

लेकरू अजून देवरीतच आहे, साहेब. आढं कोणत्या दिवशी आणता? आणि ते चढवायला छपरावर कोण चढणार, तुम्ही की गार्ड? बोला.