जावयाची धुरी

माझ्या सासुरवाडीत नव्या जावयाला आधी धूर करायला लावतात. कपडे मागून, जमलं तर.

गाव चिंताकी, तालुका औराद. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात जावयाला बोलावतात, बोकड कापतात, मटणाच्या पातळ पट्ट्या काढून मीठ-हळद चोळतात आणि गोठ्याच्या कोपऱ्यात सुतळीवर टांगतात. इथपर्यंत सगळं सासरा करतो. त्या पट्ट्यांना कोणत्या लाकडाची धुरी द्यायची, ते मात्र जावयानं एकट्यानं ठरवायचं. धुरी झाली की मटण सैपाकघरात चुलीच्या वर आढ्याला लटकतं. श्रावणभर त्याच्याकडं कुणी बघत नाही, म्हणजे सगळेच बघतात, पण हात लावत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ते उतरवून शिजवतात, भावकी जेवते आणि जेवता जेवता जावयाला एक नाव पाडते. ते नाव मग मरेपर्यंत.

ह्यात एकच नियम आहे. जावई लाकूड शोधायला निघाल्यापासून धुरी पुरी होईपर्यंत घरातल्या माणसानं लाकडाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सासऱ्यानं तर खोकायचंसुद्धा जपून. हा नियम माझे सासरे अंबाजीमामा, लेकींचे अप्पा, यांच्या आजोबांनी घालून दिला होता आणि मामांना त्याचा भारी अभिमान. निजामाचे कायदे बदलले, आमच्या घराचा बदलला न्हाई, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

माझ्या आधीचा जावई म्हणजे माझा साडू श्रीमंत. त्यानं बिब्याचं लाकूड निवडलं होतं. कामून, तर दिसायला वजनदार होतं म्हणे. बिब्याच्या धुरानं अंग सुजतं, हे त्याच्या गावात माहीत नसावं. मटण राहिलं बाजूला, आख्खं घर सुजलं. सासूबाई चंद्रभागाबाईंचे डोळे मिटले ते पंचमीपर्यंत नीट उघडले नाहीत, मामांना पटका बसेना, आणि थोरला बैल शेजाऱ्यांना ओळखू येईना. श्रीमंतचं नाव पडलं सुजके पाव्हणे. त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण राजूबाई, ती झाली सुजक्याची राजू. विहिरीवर बायका तिला सरळ त्याच नावानं हाक मारत आणि तीही मुकाट्यानं ओ देई.

हे सगळं मला माझ्या गावाहून, जवळच्याच मेहकरहून, चिंताकीला जाताना बैलगाडीत कळलं. सांगणारी माझी बायको गीता. तेही तिनं सरळ सांगितलं नाही. आधी तिनं कबूल केलं की राजूबाईच्या पोराच्या बारशाला ती चार बायकांत बोलून बसली आहे, की आमचे हे डोळे झाकून नुसत्या धुरावरून झाड सांगतेत.

मला तोवर धुरावरून एवढंच सांगता यायचं, की काहीतरी जळायलंय.

"कामून सांगितलंस असं?" मी विचारलं.

"अक्का लई हसायली होती तुमच्यावर," ती म्हणाली. "आता तुमी हुकलात तर त्या धुराचं नाव मला बी चिकटंल. मग म्या माहेरात पाय ठेवायची न्हाई. पंचमीला न्हाई, दिवाळीला न्हाई."

एवढं बोलून तिनं पदर डोक्यावर ओढला आणि चिंताकी येईपर्यंत ती बैलांच्या शेपट्यांकडं अभिमानानं बघत राहिली. अभिमान कशाचा होता, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी शिवार धुंडाळलं. बाभूळ, कडूलिंब, चिंच, बोर, आंबा, सीताफळ, जाम म्हणजे पेरू, सगळ्यांच्या फांद्या आणून अंगणात रचल्या. मग प्रश्न आला पारख करायची कशावर. बोकड एकच होता आणि तो अजून जिवंत होता. म्हणून मी भाकरीवर प्रयोग मांडला. एकेका लाकडाचा जाळ करून विझवायचा, त्या धुरावर गरम भाकरी धरायची आणि चाखायची. अंगणात बसून धुराला भाकरी खाऊ घालणारा जावई बघायला गल्ली जमली. मामा त्यांच्या बाजेवर बसून बघत होते. मिशीसुद्धा हालत नव्हती.

चौथ्या भाकरीला माझी जीभ गेली. लिंब आणि बाभूळ सारखंच लागू लागलं. तेव्हा शेजारचे हावगेप्पा भिंतीवरून म्हणाले, "पाव्हणे, म्या बघू का जरा?"

हावगेप्पा लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा फोडलेलं नाही. पण भाकरीला त्यांची ना नव्हती. तवा नवा आहे का, एवढंच त्यांनी विचारून घेतलं. शिवाय ते घरातले नव्हते, म्हणून नियमही मोडत नव्हता. अशा रीतीनं बोकडाच्या मटणाला कोणतं लाकूड लागतं, ह्याचा निवाडा गावातल्या सगळ्यांत कडक शाकाहारी माणसाकडं गेला.

आणि काय ती जीभ. लिंबाची भाकरी त्यांनी नुसती नाकाजवळ नेली आणि "बेडा" म्हणाले. कन्नडात नको. बाभळीची खाल्ली आणि म्हणाले, हिला राग लई हाय. चिंचेची चांगली, पण दुपारी तहान लावंल. सीताफळाची त्यांनी परत केली. जामाची दोनदा मागून घेतली, पण ती भुकेपोटी असावी. आंब्याच्या भाकरीला मात्र ते थांबले. डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिले.

"झाड हेच," ते म्हणाले. "पण लाकूड रडायलंय. ओलं हाय. धुरात काजळी हाय, कडवट. वाळलेलं पायजे, पाव्हणे. लई वर्षांचं."

आखाडाचे दिवस. चार दिवस झड लागलेली. अख्ख्या चिंताकीत वाळलेली म्हणावी अशी गोष्ट एक हावगेप्पांच्या कपाळाची विभूती आणि दुसरी माणसाच्या घरातलं सामान. मी घरात हिंडलो. दाराची चौकट बाभळीची. तिफण बाभळीची. मुसळ खैराचं. देव्हारा सागाचा, आणि तो देवाचा. हिंडून दमलो आणि अंगणाच्या पडवीत मामांच्या बाजेला टेकून भुईवर बसलो.

नाकापाशी बाजेचा पाय होता. त्याला वास येत होता. ओव्याचा.

मी खाली वाकून बघितलं. बाज आंब्याची. वरून पिवळी, खालून काळी कुळकुळीत. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ही गीतानं सांगितलेली बाळंतिणीची बाज. मामांच्या आजीपासून ह्या घरातली प्रत्येक बाळंतीण हिच्यावर निजली होती, आणि प्रत्येकीच्या खाली शेगडी ठेवून ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी दिली होती. मामा हिच्यावर जन्मले. राजूबाई जन्मली. गीता जन्मली. तीन पिढ्या ह्या लाकडानं खालून धूर आणि वरून रडणं सोसलं होतं. एवढं वाळलेलं आंब्याचं लाकूड औराद तालुक्यात दुसरं नव्हतं.

अडचण एकच होती. बाजेवर मामा बसलेले होते.

मी उभा राहिलो, हात जोडले. "मामा," मी म्हणालो, "जरा उठता का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. बाजेकडं बघितलं. मग त्यांना सगळं कळलं, हे मला दिसलं. त्यांचं तोंड उघडलं. पण बाज म्हणजे आता लाकूड झाली होती, आणि लाकडाबद्दल सासऱ्यानं बोलायचं नव्हतं. आजोबांचा नियम. तोंड तसंच मिटलं. मग ते उठले, उशी उचलून छातीशी धरली, आणि आपला पानाचा डबा घेऊन भिंतीला लागून उभे राहिले, एखाद्या परगावी उतरलेल्या माणसासारखे.

गीता दारात होती. घरातली म्हणून तिलाही बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी माझ्यापुढं कुऱ्हाड ठेवली आणि परत चुलीपाशी गेल्या.

बोकड कापला. बाजेच्या पायांच्या ढलप्या केल्या. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर, म्हणून वर ओलं पोतं धरून मी गोठ्यात बसून राहिलो. धूर पातळ निघाला, निळसर. त्याला आंब्याचा गोडवा आणि ओव्याचा ठसका. शेजारच्या घरात हावगेप्पा नुसताच वास घेऊन कोरडी भाकरी खात होते आणि त्यांच्या बायकोला, शिवम्माला, सांगत होते की ह्यात पाप न्हाई, धूर आपणहून आलाय.

पंचमीसाठी गीता माहेरीच राहिली. मी मेहकरला परतलो आणि श्रावणभर शेतात उभा राहून विचार करत होतो, की मामा कशावर निजत असतील. पोळ्याला गेलो तेव्हा कळलं. भुईवर. श्रावणभर भुईवर. गुडघे धरले होते.

करीला सगळी भावकी बसली. सुजके पाव्हणे सगळ्यांत आधी येऊन माझ्या शेजारी बसले होते. इतक्या वर्षांनी त्यांना सोबती मिळणार होता, त्यांचा आनंद लपत नव्हता. नाव काय पडंल, ह्याचे दोन-चार अंदाज त्यांनी मला हळूच सांगितलेही. "बाजमोडे" त्यांना बरं वाटत होतं. पलीकडं राजूबाई वाढत होती आणि गीताकडं बघून हसत होती. गीता हातातला भाकरीचा चतकोर तसाच धरून बसली होती.

पहिला घास मामांचा. त्यांनी तो घेतला आणि चावत राहिले. मामांनी गिळलं. दुसरा घास घेतला. तोही चावला. डोळे पुसले, ते तिखटानं की कशानं, सांगता येत नाही. मग त्यांनी स्वतः भांडं उचललं, उठले, दुखरे गुडघे घेऊन पंगतीतून चालत माझ्यापाशी आले आणि म्हणाले,

"रामकिशनराव, आणखीन घ्या."

मला आधी कळलंच नाही काय झालं. त्या घरात आजवर एकाही जावयाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारलेली नव्हती. सुजके, त्याआधीचे, त्याहीआधीचे, सगळे कुठल्या ना कुठल्या धुराचे. सासूबाई चुलीपासूनच म्हणाल्या, "एवढी लेकरं जल्मली त्या बाजेवर. तिचंच सोनं झालं आज." श्रीमंतनं माझ्याकडं पाठ फिरवून भात मागितला.

संध्याकाळी गीता विहिरीवर गेली. बायका वाटच बघत होत्या. काय नाव पडलं गं तुझ्या नवऱ्याचं, म्हणून राजूबाईनं सगळ्यांच्या देखत विचारलं.

आणि तिथं गीता अडकली. जगातलं सगळ्यांत मोठं नाव तिच्या नवऱ्याला मिळालं होतं, आणि ते तिला घेता येत नव्हतं. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? तिनं घागर खाली ठेवली आणि मान ताठ करून म्हणाली,

"आंब्याच्या बाजेचा धूर गेला माळवदावर,
रामकिशनरावांचं नाव घेते, अप्पा निजले भुईवर."