कॅसेटची दुसरी बाजू

यूम्नाच्या शेजारच्या सुनीताताईंचा मोबाईल बाइकवाल्यांनी रिक्षातून हिसकावला, आणि त्याची शिक्षा झाली हलीमाला. रविवारी सकाळीच लेक सुकापूरहून येऊन थडकली आणि चहाच्या आधी आईचा फोन मागून बसली.

"हे बघ अम्मी, चोर हातातून खेचून पळाला की फोन आपोआप लॉक होईल. मग माझ्या फोनवरून तो कुठे आहे ते बघायचं. नाहीच मिळाला तर सगळं पुसून टाकायचं."

"सगळं?"

"म्हणून तर आधी बॅकअप. फोटो, अब्बांचा आवाज, सगळं घरच्या अकाउंटवर. तुझ्या लेकाला, हमझाला, दोह्यात पण ऐकता येईल."

सुके बोंबील मोडणारा हलीमाचा हात थांबला.

अब्बांचा आवाज म्हणजे कॅसेट. कुवेतला असताना अब्दुलला पत्र लिहायचा कंटाळा. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून तो साबण, अत्तर आणि एक कॅसेट पाठवायचा. बाहेरच्या खोलीत अर्धा मोहल्ला जमायचा आणि कॅसेट लागायची. अब्दुल एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगायचा. एकदा धर्मराज टेलरचं नाव राहिलं, तर त्या गड्यानं महिनाभर हलीमाच्या घरचं शिवण घेतलं नाही.

अब्दुल गेल्यावर तिनं त्या बुरशी धरलेल्या कॅसेट प्रणितच्या दुकानातून फोनवर उतरवून घेतल्या. शेवटचं एकदा चालल्या आणि तुटल्या. "मी ऐकत नाही काकी, मशीन लावून चहाला जातो," प्रणित म्हणाला होता. तिनं त्याला चांगलं चार-पाचदा चहाला पाठवलं.

"कॅसेट अकरा ना?" यूम्ना स्क्रीनवर बोट सरकवत म्हणाली. "मग फायली बावीस कशा? दुसरी बाजू कोरी असायची म्हणायचीस तू."

म्हणायची खरी. सासूला, शेजारणींना, पोरांना, तीस वर्षं म्हणत आली होती. दुपारी सगळे लवंडले की स्वयंपाकघरात टेप बारीक करून ती दुसरी बाजू लावायची. तिच्यात फार काही नसायचं. एसीची घरघर, कांदा चिरल्याचा आवाज, मग अब्दुल, मशीनला पण लाजणारा. "बोलायला काय नाय, हलीमा. तू बस जरा. मी पण बसलोय." आणि कॅसेट संपेपर्यंत तो खरंच बसून राहायचा.

"ती नको लावूस."

यूम्नानं मान वर केली. आईचे कान लाल झाले होते.

"अम्मी, तू लाजतेस?"

"गप. मोठी आली चोर पकडणारी."

यूम्ना हसू गिळून म्हणाली, "बरं. फोनमध्ये एक कुलूपवाला फोल्डर असतो. त्याला वेगळा पिन. चोराला उघडणार नाही, आम्हाला पण नाही. पण त्याचा बॅकअप होत नाही. फोन पुसला की ते गेलं. पिन विसरलीस तरी गेलं."

हमझा ते गाडीत मोठ्यानं लावणार, सून हादिया "किती क्यूट" म्हणणार, हे हलीमाला दिसलं. आणि कुठल्याशा चोरापायी ते बसून राहणं पुसलं जाणार, हेही दिसलं. तिनं हातातला बोंबील खाली ठेवला.

"पहिल्या बाजू सगळ्यांना दे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुलपात."

"नक्की? पिन मला तरी सांगून ठेव. विसरलीस तर?"

"मी विसरले, तर मग ते ऐकायचं कुणासाठी राहिलंय?"

फोन आईसमोर सरकवून यूम्नानं खुर्ची खिडकीकडे फिरवली. हलीमानं हात धुतले, ओढणीला कोरडे केले, आणि एकेक करून चार आकडे दाबले.