मी टिपलेली धडधड

नाव माझं साहेबी, होल्टर. पण काम हमालाचं. माणसाच्या छातीवर चिकट पट्ट्या लावतात, त्यांच्या तारा माझ्यात खोचतात आणि मला कमरेला लटकवून घरी पाठवतात. मग दिवसभर, रातभर त्या हृदयाचा प्रत्येक ठोका मी टिपायचा. ईसीजीचं मोठं यंत्र घटकाभर बघून मोकळं होतं; मला मात्र मुक्कामाला जावं लागतं.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. दवाखान्यात आलो आणि घरं हिंडू लागलो. माणसं मला फार जपतात. कुणी शिंकसुद्धा दाबून धरतं, कुणी बायकोशी भांडण उद्यावर ढकलतं.

अशाच एकदा इस्त्रीवाल्या काकू आल्या. नवराबायको मिळून दुकान चालवायचे. काकू इस्त्री करायच्या, काका कपडे पोचवायचे. काम करता करता काकूंची छाती अचानक धडधडू लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मग बटण बंद केल्यासारखी धडधड आपोआप थांबायची. दवाखाना गाठेपर्यंत ईसीजी साफ.

"अहो, धडधडतंय," काकू म्हणायच्या.

"अगं, कशाला घाबरतेस? मी आहे ना!" काका म्हणायचे.

काकांचा जीव होता हो बायकोवर. पण धडधड म्हटलं की आपल्याकडे भीतीच समजतात. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, काकू घाबरट आहेत. दुकान दुसऱ्याला चालवायला द्यायचंही ठरत आलं होतं.

पहिल्या दिवशी काकूंनी पाहुण्यासारखी माझी बडदास्त ठेवली. पलंगावरून उतरल्याच नाहीत. "मशीन लावलंय, आज रिपोर्ट चांगला यायला हवा," म्हणून गप्प पडून राहिल्या. मध्येच पुटपुटल्या, "माझंच मन कच्चं." मला वाईट वाटलं. मला टिपता येतं, बोलता कुठे येतं?

रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला. काका खूश. काकूंचा चेहरा मात्र पडला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धडधड कधी सुरू होते?"

"गाठोडं उचलायला वाकले की."

"मग काल किती गाठोडी उचललीत?"

"एकही नाही. मशीन होतं ना!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काकू, चोर पकडायला पोलीस बसवला आणि चोरालाच सुट्टी दिलीत? पुन्हा बांधते. आज सरळ दुकानात जा."

दुकानात वाफ, ओल्या कपड्यांचा वास आणि उभं राहून राहून आखडलेले काकूंचे पाय. दुपारी चादरींचं गाठोडं उचलायला त्या वाकल्या आणि नीट चाललेलं हृदय एका ठोक्यात उधळलं. घाबरलेल्या माणसाचं हृदय हळूहळू वेग घेतं, ते मी पुष्कळदा पाहिलंय. हे तसं नव्हतं. काकू भिंतीला टेकून बसल्या. मी एकही ठोका सुटू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. "हृदयात विजेची एक जादा वाट आहे. ठोका तिथून गोल गोल फिरत राहतो. काका, ही भीती नाही, वायरिंगचा दोष आहे. आणि हा दुरुस्त होतो."

काकांनी पडद्यावरच्या उधळलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ही खरं सांगत होती." काकूंच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली.

धडधडीचा झटका आलाच तर नाक-तोंड मिटून जोरात फुंकल्यासारखं करून तो कसा थांबवायचा, हे डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून शिकवलं. पुढे मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत बारीक तार नेऊन ती जादा वाट जाळून टाकली. दुकान काकूंकडेच राहिलं.

तपासणीसाठी मी पुन्हा त्यांच्या कमरेला लागलो. काकू गाठोडं उचलायला वाकल्या. काका हातातले कपडे तसेच धरून उभे.

"काही होतंय का गं?"

"मला काही नाही. तुमचंच धडधडतंय बघा!"

काका हसले, आणि मग त्यांनीच डोळे पुसले.

आता माझं झाकण चिकटपट्टीवर तगून आहे. थेट छातीला चिकटणारी इवलीशी यंत्रं आलीत; ती कमी पडली तरच माझा खण उघडतो. तक्रार नाही. विनंती मात्र आहे. आमच्यापैकी कुणी अंगावर असेल त्या दिवशी उगाच शहाण्यासारखं वागू नका. रोजची कामं करा, जिने चढा, खुशाल भांडा. आणि घरातलं कुणी "धडधडतंय" म्हणालं, तर कशाला घाबरतेस असं म्हणू नका. आधी तिची नाडी बघा.