उलटे क्लॅम्प

"साडूबुवा, दोन मिनिटं म्हणालात, वीस झाली! बायकांचं आवरतं, तुमचं आवरत नाही!"

साडूनं गाडीच्या दारातूनच मिस्त्रींकडे बघून शिट्टी फुंकली. तो शाळेत कवायत शिकवायचा. त्याला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण गळ्यातली शिट्टी अजून नोकरीवर होती.

मिस्त्री मुकाट्यानं चढले आणि मागच्या एकट्या सीटवर बसले. उशीर त्यांच्यामुळेच झाला होता, हे खोटं नव्हतं. तलावावर होडीत बसण्याआधी त्यांनी चौदाही जणांच्या जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले होते. दोन जॅकेटं बदलून घ्यायला लावली. होडीवाला वैतागला, पोरं कंटाळली. त्याआधी दरीच्या कड्यावर सगळ्यांनी घोळक्यानं फोटो काढला, तेव्हा फोन मिस्त्रींच्या हातात देण्यात आला होता. "तुम्ही काढा हो, तुमचा हात हलत नाही," असं साडू म्हणाला होता. फोटोत तेरा माणसं आली.

सहल मिस्त्रींच्या बायकोच्या माहेरची. दरवर्षी तिची भावंडं कुठेतरी जायची, दरवर्षी बोलावणं यायचं आणि दरवर्षी मिस्त्री नाही म्हणायचे. लिफ्टचं काम. कुठल्या इमारतीत कोण कधी अडकेल सांगता येत नाही. छत्तीस वर्षं हेच उत्तर. ती एकटी जायची नाही. आठ महिन्यांपूर्वी ती गेली. यंदा साडूनं रीत म्हणून फोन केला, आणि मिस्त्री "येतो" म्हणाले.

धाकटी, म्हणजे बायकोची बहीण, साडूची बायको, ताई वारल्यापासून मिस्त्रींशी सरळ बोलत नव्हती. बोलायची ती हवेशी. "कोणाला चहा हवा असेल तर थर्मास पुढे आहे." मिस्त्रींनी चहा घेतला नाही.

दुपारी गाडी टेकडीवरच्या साहसी खेळांच्या मैदानावर थांबली. भिंतीवर चढायचं, जाळीतून सरकायचं, आणि सगळ्यात शेवटी झिपलाइन. इकडच्या माचीवरून दोराला लटकायचं आणि दरी ओलांडून पलीकडच्या माचीवर उतरायचं.

"मी पहिली," धाकटी म्हणाली. पन्नाशीची बाई, पण पोरींसारखी पुढे झाली. "ताईला फार हौस होती. कुठे चित्र दिसलं की मला पाठवायची. तिच्या नावानं एक फेरी मारणार आहे मी."

दोन-तीन माना मागे वळल्या. मिस्त्री तिथे नव्हते. ते माचीच्या मागच्या खांबाशी, मान वर करून उभे होते.

पोलादी तारांच्या दोराचं टोक खांबाभोवती वळवून परत त्याच दोराला तीन क्लॅम्पांनी आवळलं होतं. अशा क्लॅम्पला एका बाजूनं खाचांची जाड बैठक असते आणि दुसऱ्या बाजूनं वाकवलेला बोल्ट. बैठक भाराच्या दोरावर बसवायची, बोल्ट वळून आलेल्या रिकाम्या शेपटावर. इथे तिन्ही उलटे. बोल्ट भाराच्या दोरालाच चावत होता.

"हे कोणी लावले?" त्यांनी झिपलाइनवाल्याला विचारलं.

"काका, बेल्ट घाला आणि रांगेत या."

"उलटे लागलेत. फेरी बंद करा."

झिपलाइनवाला हसला. "रोज शंभर माणसं जातात काका. अजून कोणी खाली पडलेलं नाही."

"पडेपर्यंत कोणीच पडलेलं नसतं."

"आलं!" साडू कपाळाला हात लावून म्हणाला. "दुधात मिठाचा खडा पडला! होडी झाली, आता दोर. अहो, सहलीला आलात की तपासणीला?"

"तिला खाली उतरवा," मिस्त्री म्हणाले.

धाकटी बेल्ट घालून माचीच्या कडेला उभी होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "भाऊजी, मला नका सांगू. मी तुमची बायको नाही."

"हे क्लॅम्प..."

"कसले क्लॅम्प? ताईला कुठल्या क्लॅम्पनं अडवलं होतंत? समुद्र बघायचा म्हणाली, अडवलंत. माझ्या लेकीच्या लग्नात चार दिवस राहते म्हणाली, अडवलंत. काय तर ड्युटी! गावभर लोकांना लिफ्टमधून बाहेर काढलंत, आणि घरातली बाई घरातच अडकली ती दिसली नाही तुम्हाला!"

कोणी तिला थांबवलं नाही. तिचा भाऊ बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ती आधीच बांधलेली होती.

बायको असती तर पुढे झाली असती, हे मिस्त्रींना माहीत होतं. यांचं बोलणं म्हणजे धोंडा. ती तो पदराखाली घ्यायची आणि पुढच्याला फूल म्हणून द्यायची. "त्यांना तुमची काळजी वाटते हो," एवढंच म्हणायची, आणि माणसं ऐकायची. आता धोंडा नुसता धोंडाच राहिला होता.

ते पुढे गेले, तिच्या बेल्टचा आकडा दोरावरून काढला, तिच्या दंडाला धरून तिला माचीवरून मागे आणलं आणि माचीचं फाटक लावलं. मग फाटकाला पाठ लावून खाली बसले.

एकच गलका झाला. "हात लावता बाईमाणसाला?" "उठा हो!" "म्हातारा खुळावला, आणखी काय." साडूनं शिट्टी वाजवली, जणू मिस्त्री सातवीच्या वर्गातले होते. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच!"

धाकटी समोर येऊन उभी राहिली. "तिला अडवलंत तसंच मलाही अडवणार?"

"तिला अडवलं ते उगाच अडवलं," मिस्त्री म्हणाले. "तेव्हा कारण नव्हतं. मला घर सोडून कुठे करमायचं नाही, म्हणून ड्युटी सांगायचो. आज कारण आहे."

तिनं बेल्टची एकेक पट्टी सोडली आणि बेल्ट त्यांच्या पायाशी टाकला. "तिच्या देखत म्हणायचं होतं हे," ती म्हणाली. "आता मला सांगून काय उपयोग?" आणि गाडीकडे निघाली.

रांगेतल्या एका परक्या बाईनं आपल्या पोराचं हेल्मेट काढलं. मग दुसरीनं. रांग विरघळली. साडूनं आपली माणसं गाडीत भरली आणि दारातून ओरडला, "आम्ही धबधबा बघून येतो! परत जाताना घेऊ तुम्हाला. आठवण राहिली तर!"

झिपलाइनवाल्यानं शिव्या देऊन घेतल्या. त्या संपल्यावर पाना आणि चेनपुली आणली. "दाखवा आता काय उलटं आहे ते. नाहीतर पोलिसांना बोलावतो."

मिस्त्रींनी चेनपुली लावून दोराचा ताण काढला आणि पहिला क्लॅम्प सोडला. बोल्टाखाली दोर चपटा झाला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि झिपलाइनवाल्याचं बोट धरून त्याच जागी ठेवलं. चार तारा तुटल्या होत्या. टोकं सुईसारखी वर आली होती. झिपलाइनवाल्यानं बोट मागे घेतलं. ते पुसत तो बराच वेळ दरीकडे बघत राहिला.

दोर आणखी आत घेऊन चेपलेला भाग भार नसलेल्या शेपटात सोडायला, तिन्ही क्लॅम्प सुलटे बसवायला आणि पलीकडच्या खांबावर माणूस पाठवून तिथले तपासायला दीड तास लागला. तिकडचे ठीक होते. मिस्त्रींचा सदरा ग्रीसनं माखला.

"झालं?" झिपलाइनवाल्यानं विचारलं. "सोडू माणसं?"

"नाही. दोराला हात लावला की पहिली फेरी मिस्त्रीची. ज्यानं आवळलं, त्यानं आधी जायचं."

त्यांनी फाटकापाशी पडलेला धाकटीचा बेल्ट उचलला, पट्ट्या आपल्या मापाला सैल केल्या आणि आकडा दोरात अडकवला. माचीच्या कडेवरून पाय सोडताना त्यांनी खाली पाहिलं नाही. कान दोराकडे होते. दरी ओलांडेपर्यंत दोर एका सुरात वाजत होता, आणि मग ते पलीकडे पोचले. तिथल्या माणसानं धरून उतरवलं.

मागे वळून त्यांनी हात उंच केला. इतकी वर्षं लिफ्टच्या मोटारघरातून खाली द्यायचे तशीच खूण. दोर नीट आहे, पुढचं माणूस पाठवा.

समोरच्या माचीवर झिपलाइनवाल्यानं फाटक उघडून धरलं होतं. फाटकाच्या मागे कोणी नव्हतं. मिस्त्रींनी हात तरीही खाली घेतला नाही.