चाकाखालून दाराखाली

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, मित्रांनो. एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने निमुळता. रूप म्हणाल तर यथातथाच. पण देवाने प्रत्येकाला काही ना काही सेवा नेमून दिलेली असते. माझी सेवा अडवून धरण्याची.

एका तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून माझा जन्म झाला. मालवाहू गाड्यांच्या डेपोतल्या सुताराने मला तासून आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या, म्हणजे आप्पांच्या हाती दिले.

"काय गोरापान आहे! नवरदेवच जणू!" असे म्हणत आप्पांनी मला थेट चिखलातल्या चाकाखाली सारले.

उतारावर माल उतरवताना भरल्या ट्रकचा सगळा भार माझ्या छातीवर यायचा. दात नसूनही मी दातओठ खायचो, पण सरकायचो नाही. काम संपले की आप्पा मला उचलत, माती झटकत आणि म्हणत, "उपकार झाले, बाबा." ठोकळ्याचे आभार मानणारा माणूस! त्या एका शब्दावर माझी हयात सुखात गेली.

पुढे आमच्या ट्रकवर दुसऱ्या पाळीला एक तरुण मुलगी आली. सगळ्या ड्रायव्हरांत लहान, म्हणून तिचे नाव पडले धाकटी. गाडी मागे कशी घ्यायची, हे आप्पांनीच तिला शिकवले. आमच्या डेपोचा रिवाज असा, की गाडी सोडणाऱ्याने ठोकळा लावायचा आणि गाडी घेणाऱ्याने काढायचा. मला आप्पा लावत, धाकटी काढत असे. हात दोन, भार तोच.

मग काळे रबरी ठोकळे आले आणि माझी रवानगी युनियनच्या खोलीत झाली. तिथल्या दाराची स्प्रिंग भलतीच कडक. दार उघडे राहावे म्हणून मला खाली अडकवले. येणारा-जाणारा ठेचकाळायचा आणि मलाच शिव्या द्यायचा. वाईट वाटायचे, मित्रांनो. पण माणसांचे बोलणे कानी पडायचे, हेही काही कमी नव्हते.

त्या वर्षी नव्या कराराची बोलणी चालली होती. कंपनी म्हणाली, जुन्या ड्रायव्हरांचा पगार, पगारवाढ आणि पेन्शन तसेच राहील. पण नव्यांना आणि यापुढे येणाऱ्यांना पगार कमी, पेन्शन नाही. ट्रक तोच, माल तोच, रस्ताही तोच! सही करायची की नाही, हे ठरवायला सभा भरली. खुर्च्यांवर जुने बसले. नवे बाहेर व्हरांड्यात उभे राहिले.

आप्पांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरले होते. गुडघे कुरकुरत होते. नकार दिला तर संप होणार आणि हाताशी आलेले पेन्शन लटकणार. होकाराचा हात वर करायचे ठरवूनच ते आले होते. धाकटीकडे न बघताच आत शिरले.

"उरका लवकर!" एक जुना ड्रायव्हर म्हणाला. त्याला सगळे घाईभाऊ म्हणत. "नव्यांचं नवे बघतील. आणि ते दार लावा हो, बाहेर गलका किती!"

आप्पा दाराजवळच होते. कण्हत वाकले, मला ओढून काढले, जुन्या सवयीने धूळ झटकली आणि पुटपुटले, "उपकार झाले, बाबा."

धाडकन दार आपटले. बाहेरून धाकटीचा आवाज आला, "अहो आप्पा, नाक गेलं असतं माझं! आम्ही अजून बाहेरच आहोत!"

सभा खदखदून हसली. आप्पा हसले नाहीत. मला हातात धरून तसेच उभे राहिले.

"घाईभाऊ," ते हळूच म्हणाले, "आपलं पेन्शन काय आभाळातून पडलं? आपल्या आधीच्या ज्यांनी त्यासाठी संप केला, त्यातले कितीतरी पेन्शन लागू व्हायच्या आधीच निवृत्त होऊन घरी बसले."

"मग तू तुझं घालवणार?"

"घालवायची हौस नाही रे. भीती वाटते. पण हा ठोकळा मी लावायचो, ती पोरगी काढायची. एकाच ठोकळ्याला दोन भाव? आणि आत्ता बघ ना, माझ्याच हाताने तिच्या तोंडावर दार लावलं मी."

त्यांनी दार उघडले. मला पुन्हा खाली सारले. "या रे सगळे आत. खुर्च्या नाहीत, घाईभाऊच्या मांडीवर बसा!"

त्या सभेने कराराला नकार दिला. संप झाला, ओढाताण झाली. शेवटी जुन्यांनी आपली पगारवाढ थोडी कमी घेतली आणि सगळ्यांना एकच पगार, एकच पेन्शन मिळाले. कुरकुर करत का होईना, घाईभाऊंनीही सही केली. देवाची कृपा, आणि माणसांचीही.

निवृत्तीच्या दिवशी आप्पांनी हट्टाने मला डेपोत नेले आणि स्वतःच्या हाताने ट्रकच्या चाकाखाली लावले. पाळीवर धाकटी आली. तिने मला काढले, माती झटकली आणि आप्पांकडे बघत म्हणाली, "उपकार झाले, बाबा."

आप्पांनी तिच्या हातून मला घेतले आणि युनियनच्या खोलीकडे निघाले.

आता मी पुन्हा दाराखाली आहे, मित्रांनो. आत शिरताना ठेच लागली तर खुशाल रागवा. मला काढू मात्र नका. तुमच्या मागून अजून कोणीतरी येत आहे.